देव नसेल तर चांगलं का वागायचं? फुले, रानडे, आगरकर आणि पुण्यातला एक जुना वाद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे या एपिसोडचं लेखी रूप. बोलताना केलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत, बाकी मजकूर तोच आहे.

सुरुवात एका अशा गोष्टीपासून करू जी तुम्ही टीव्हीवर किंवा रीलमध्ये नक्की पाहिली असेल. निवडणूक होते, मंत्रिमंडळ ठरतं, शपथविधी होतो. एक मंत्री म्हणतात, "ईश्वरसाक्ष शपथ घेतो की..." त्यांच्यानंतरचे एखादे मंत्री म्हणतात, "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की..." पुढचा मजकूर सारखाच. संविधानाशी निष्ठा, कामात प्रामाणिकपणा, कुणाबद्दल ममत्व किंवा आकस नाही. फरक फक्त एवढाच की एकानं देवाला साक्षीदार ठेवलंय आणि दुसऱ्यानं नाही. आणि कायद्याच्या नजरेत दोघांच्या शब्दाची किंमत एकच.

आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण विचार करा, जो माणूस देवाची साक्ष काढत नाही त्याच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा? वर कुणी बघत नसेल, मेल्यावर हिशेब होणार नसेल, तर त्यानं खोटं का बोलू नये? हा प्रश्न आपल्या आजीलाही पडतो आणि फिलॉसॉफीच्या प्रोफेसरलाही पडतो. कॉलेजच्या कट्ट्यावर रात्री दोन वाजता हमखास निघणारा विषय आहे हा.

आज आपण हा प्रश्न हवेत सोडवणार नाही. आपण जाणार आहोत १८८० ते १८९५ च्या पुण्यात. तिथे हा वाद नुसता गप्पांचा नव्हता. लहान मुलींचं आयुष्य, विधवांचं आयुष्य त्यावर अवलंबून होतं.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. त्या खटल्याच्या आधीचा एक संवाद प्लेटोनं लिहून ठेवलाय, त्याचं नाव 'युथिफ्रो'. युथिफ्रो हा स्वतःला धर्मातलं सगळं कळतं असं समजणारा गृहस्थ. सॉक्रेटिस त्याला अडचणीत आणणारा एक प्रश्न विचारतो. सोप्या मराठीत सांगायचं तर: एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून चांगली ठरते, की ती मुळातच चांगली आहे म्हणून देवांना आवडते?

पहिलं उत्तर दिलं तर देवानं उद्या छळ करायला सांगितलं की छळ चांगला ठरतो. दुसरं उत्तर दिलं तर चांगलं-वाईट हे देवाच्या आधीपासूनच आहे, मग ते ओळखायला आपल्याला देवाची गरज किती?

आमच्या धंद्याच्या भाषेत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत, विचारायचं तर प्रश्न असा: 'नीती' नावाच्या प्रोग्रॅमला 'देव' ही डिपेंडन्सी आहे का? ती काढली तर प्रोग्रॅम चालतो की क्रॅश होतो?

अथेन्स सोडून आता पुण्याला येऊ.

शास्त्रात काय लिहिलंय?

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे समाजसुधारणेचा वाद बहुतेक वेळा एकाच मैदानावर खेळला जायचा, ते म्हणजे शास्त्र. बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाची बाजू मांडली ती पराशरस्मृतीचा आधार घेऊन, आणि १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. पण कायदा झाला म्हणून समाज बदलत नाही. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर याच विषयावर मोठा शास्त्रार्थ झाला. विष्णुशास्त्री पंडित सुधारकांच्या बाजूनं लढले. निकाल त्यांच्या विरोधात गेला.

या पद्धतीतली गंमत बघा. ज्या मुलीचा नवरा ती नऊ वर्षांची असताना वारला, जिनं आता आयुष्यभर केशवपन करून, एका वेळचं जेवून माजघरात राहायचं, तिचं काय व्हावं हे ठरतंय कशावर? एका श्लोकातल्या एका शब्दाचा अर्थ अमुक की तमुक यावर. तिला स्वतःला काय वाटतं हा मुद्दा चर्चेला आलेलाच नाही.

सुधारक शास्त्राकडे का जायचे हेही समजून घ्यायला हवं. ते काही भाबडे नव्हते. समोरचा माणूस शास्त्र मानतो, तर त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलायला हवं, असा तो हिशेब होता. व्यवहारात चुकीचा नाही. पण त्यात एक धोका असतो. तुम्ही शास्त्राला न्यायाधीश मानलं की निकाल विरुद्ध गेल्यावर तोंड बंद करावं लागतं.

१८९१: दहा की बारा?

हा धोका सगळ्यात स्पष्ट दिसला तो संमतिवयाच्या बिलाच्या वेळी.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत मुलीचं संमतिवय होतं दहा वर्षं. बरोबर वाचलंत, दहा. विवाहित असली तरी दहा वर्षांच्या आतल्या मुलीशी संबंध हा गुन्हा, दहाच्या पुढे नवऱ्याला मोकळीक. मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. मग १८९० मध्ये कलकत्त्यात एक खटला उभा राहिला. फुलमोनी नावाची अकरा वर्षांच्या आसपासची मुलगी पस्तिशीच्या नवऱ्यामुळे मरण पावली होती. मुलगी दहाच्या वर होती म्हणून बलात्काराचं कलम लागलंच नाही. नवऱ्याला शिक्षा झाली एक वर्षाची.

सरकारनं जानेवारी १८९१ मध्ये बिल आणलं: संमतिवय दहाचं बारा करायचं. आजच्या नजरेनं बघितलं तर ही सुधारणाही किती तोकडी! पण त्यावरून देश पेटला.

विरोधकांचा धार्मिक मुद्दा होता गर्भाधान संस्काराचा. मुलगी ऋतुमती झाली की तो संस्कार लगेच व्हायला हवा, तो लांबवला तर पाप, आणि हा कायदा तो संस्कार अडवतो. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. संस्कृतचा एवढा मोठा पंडित त्या काळात शोधून सापडला नसता. त्यांनी ग्रंथ काढून दाखवून दिलं की हा संस्कार लगेचच करायला हवा असं बंधन शास्त्रात नाही, तो पुढे ढकलता येतो. टिळकांनी 'केसरी'तून त्याला विरोध केला. पुन्हा श्लोक, पुन्हा टीका, पुन्हा अर्थ.

इथे टिळकांना एकदम खलनायक करून टाकू नका. त्यांचा मुख्य मुद्दा होता की परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा घेऊन शिरू नये. बालविवाह ही फार छान गोष्ट आहे असं ते म्हणत नव्हते. उलट १८९० मध्ये त्यांनी सुधारकांना आव्हान दिलं होतं की आपण स्वतः लिहून देऊ, मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करणार नाही. कायदा नको, स्वतःवरचं बंधन चालेल, अशी त्यांची भूमिका. त्यावर वाद घालता येईल, पण ती भूमिका काय होती हे माहीत असलं पाहिजे.

शेवटी मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. पण आपल्याला ज्यात रस आहे ती गोष्ट वेगळी आहे. या सगळ्या गदारोळात पुण्यातला एक संपादक म्हणत होता की शास्त्र काय म्हणतं हा प्रश्नच गैरलागू आहे. शास्त्र बाजूनं असेल तर ठीक. विरुद्ध असेल तर शास्त्र चुकलंय. मुलीच्या शरीराला आणि आयुष्याला काय होतं ते बघा आणि ठरवा.

तो संपादक म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

टेंभूचा मुलगा

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कराडजवळच्या टेंभू गावचा. घरची परिस्थिती बेताची नव्हे, हलाखीची. शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला अशी पायपीट. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात टिळकांशी दोस्ती. एम.ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी नोकरी म्हणजे आजच्या भाषेत डॉलरमधलं पॅकेज. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवलं की मुलगा मोठ्या पगाराच्या मागे लागणार नाही, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालवणार. तसंच केलंही. न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये सुरू झालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ चं फर्ग्युसन कॉलेज.

आणि मग मतभेद. 'केसरी' सुटला. ऑक्टोबर १८८८ मध्ये आगरकरांनी स्वतःचं पत्र काढलं, 'सुधारक'. मराठी बाजू आगरकरांची, इंग्रजी बाजू सांभाळायला तरुण गोपाळ कृष्ण गोखले.

आगरकर मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांचे कसून वाचक. स्पेन्सरचं 'डेटा ऑफ एथिक्स' १८७९ चं. त्यामागची स्पेन्सरची काळजी अशी होती की धर्माचा धाक ओसरत चाललाय, तर त्याच्या जागी नीतीला दुसरा पाया लवकर शोधायला हवा, नाहीतर पोकळी तयार होईल. आगरकर पुण्यात बसून तोच पाया मराठीत घालत होते. 'देवतोत्पत्ती' या लेखात त्यांनी देव ही कल्पना माणसाच्या मनात कशी तयार झाली असेल याची चिकित्सा केली. आणि नीतीचा निकष त्यांनी सरळ जमिनीवर आणून ठेवला: या जगातल्या माणसांचं सुख वाढतं का? वाढत असेल तर ती गोष्ट करा. दुःख वाढत असेल तर ती हजार वर्षांची रूढी असली तरी टाकून द्या.

या निकषातून जे बाहेर पडलं ते बघा. केशवपन बंद करा. विधवेला लग्न करू द्या. मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या, आणि तेही एकाच वर्गात बसवून. बायकांना स्वतःच्या पायावर उभं राहता येईल असं शिक्षण द्या. १८८०-९० च्या दशकात! यातल्या काही गोष्टींवर आपल्या फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही भांडणं होतात.

त्याची किंमतही मोजावी लागली. सनातनी मंडळींनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. दम्यानं पोखरलेला हा माणूस आपलीच तिरडी जाताना बघत होता. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ ला गेले. वय एकोणचाळीसही पूर्ण नव्हतं. आपल्या अंत्यविधीसाठी घरच्यांना कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्यांनी पैसे पुडीत बांधून ठेवले होते.

आता मूळ प्रश्न या माणसाला लावून बघा. स्वर्ग मिळणार ही आशा नाही. नरकात जाऊ ही भीती नाही. पुढचा जन्म नाही. तरी मोठ्या पगारावर पाणी सोडलं, शिव्या खाल्ल्या आणि ज्या मुलींशी काही नातं नाही त्यांच्यासाठी आयुष्य झिजवलं. देवाशिवाय माणूस नीतीनं वागूच शकत नाही असं म्हणणाऱ्यानं आधी आगरकरांचं काय करायचं ते सांगावं.

पण थांबा, फुलेही होते

एवढ्यावर एपिसोड संपवला तर सोपं होतं. 'बघा, नास्तिक चांगले, आस्तिक वाईट' असा निष्कर्ष काढून मोकळे झालो असतो. पण त्याच पुण्यात, आगरकरांच्या आधीपासून, जोतीराव फुले काम करत होते. आणि फुले देव मानत होते.

त्यांनी देवाला नाव दिलं 'निर्मीक', म्हणजे निर्माण करणारा. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. शेवटच्या आजारपणात, पक्षाघातानं उजवा हात गेल्यावर, डाव्या हातानं पुस्तक लिहिलं: 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलं गेलं. हो, संमतिवयाच्या कायद्याचंच वर्ष.

फुल्यांचा युक्तिवाद असा: निर्मीक एकच आहे, त्यानं सगळ्या स्त्री-पुरुषांना निर्माण केलं, म्हणून सगळे सारखे. जमीन, पाणी, हवा सगळ्यांची. मग कुणी जन्मानं वरचा, कुणी खालचा असं सांगणारा ग्रंथ निर्मीकाचा असूच शकत नाही, तो माणसानं आपल्या फायद्यासाठी लिहिलेला. आणि निर्मीक आणि माणूस यांच्यात दलाल नको, म्हणून सत्यशोधक लग्नात भटजी नाही.

नुसतं लिहिणं नव्हतं. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल तिथेच ठेवून जावं, पण मुलाला मारू नये आणि स्वतः मरू नये. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता प्लेगनंच गेल्या.

म्हणजे बघा, विधवांच्या बाबतीत देव मानणारे फुले आणि देव न मानणारे आगरकर एकाच जागी पोचले. रस्ते वेगळे, मुक्काम एक.

रानडे: श्रद्धा आणि पाय मागे ओढणारं घर

तिसरी बाजू न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांची. मुंबईत १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला. रानडे, भांडारकर त्यातले मोठे आधारस्तंभ. मूर्तिपूजा नाही, पण एका ईश्वरावर गाढ श्रद्धा. तुकारामादी संतांच्या भक्तीचा धागा घट्ट धरलेला. रानड्यांच्या मते माणसाची सदसद्विवेकबुद्धी म्हणजे आत बोलणारा ईश्वरच. सुधारणा करायची ती परंपरेशी नाळ न तोडता, आणि ईश्वरावरच्या श्रद्धेतून बळ घेऊन.

याच रानड्यांच्या आयुष्यात १८७३ मध्ये एक प्रसंग आला. पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा एवढा मोठा पुरस्कर्ता, वय तिशीच्या पुढे. सगळ्यांना वाटलं, आता हे विधवेशी लग्न करून दाखवणार. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते झुकले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. रानड्यांनी त्यांना शिकवलं, उभं केलं, आणि पुढे रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनमधून प्रचंड काम केलं. पण त्या दिवशी आत बोलणाऱ्या ईश्वराचा आवाज वडिलांच्या आवाजापुढे कमी पडला, हे नाकारता येत नाही.

रानड्यांना हिणवण्यासाठी हे सांगत नाहीये. आपल्यातले किती जण आई-बाबांपुढे ठाम उभे राहतो? मुद्दा एवढाच की देवावर श्रद्धा असली म्हणून योग्य गोष्ट करायची ताकद आपोआप येतेच असं नाही.

एक गोष्ट बदलून बघा

कोडमध्ये बग असला की आम्ही काय करतो? बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलतो आणि आउटपुट बदलतं का बघतो. तेच इथे करू.

देव ठेवून बघू. फुले देव मानतात, रानडे मानतात, आणि केशवपन झालंच पाहिजे म्हणणारे सनातनीही देव मानतात. इनपुट एकच, आउटपुट तीन वेगवेगळी. आता देव काढून बघू. आगरकर देव मानत नाहीत, पण विधवेबद्दल त्यांचं उत्तर फुल्यांच्या उत्तराशी जुळतं.

म्हणजे फरक पाडणारी गोष्ट देव आहे की नाही ही नव्हती. ती दुसरीच काहीतरी होती. माझ्या मते ती अशी: समोरच्या माणसाचं दुःख हा पुरावा म्हणून तुम्ही स्वीकारता की नाही? फुल्यांनी ग्रंथ तपासला तो न्यायाच्या फूटपट्टीनं. निर्मीक न्यायी आहे, हा ग्रंथ अन्यायी आहे, म्हणून ग्रंथ खोटा. बारकाईनं पाहिलं तर न्याय म्हणजे काय हे त्यांना ग्रंथाच्या आधीच माहीत होतं. भांडारकरांचंही तसंच. लहान मुलीवर अत्याचार होऊ नये हे त्यांना आधी पटलं होतं, श्लोक त्यांनी नंतर शोधला. शास्त्रात दोन्ही बाजूंचे आधार सापडतात, मग त्यातला कुठला उचलायचा हे ठरवणारी गोष्ट शास्त्राच्या बाहेरच असणार ना?

सॉक्रेटिसच्या प्रश्नाचं हे पुणेरी उत्तर. कुणी मोठ्यानं कबूल करो न करो, चांगलं काय हे आपण आधी ओळखतो आणि मग ते देवाच्या नावावर टाकतो.

मग बुद्धी जिंकली का?

एवढ्यात टाळ्या वाजवू नका. आगरकरांच्या बाजूलाही अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत.

पहिली अडचण. 'सुख वाढलं पाहिजे' हे ठीक, पण कुणाचं सुख? नव्वद लोकांच्या सुखासाठी दहा लोकांना चिरडलं तर हिशेबात एकूण सुख वाढलेलंच दिसेल. फुल्यांच्या निर्मीकात ही पळवाट नाही. प्रत्येक माणूस त्याचं लेकरू आहे, त्यामुळे दहातला एकही वजा करता येत नाही.

दुसरी अडचण. सनातनी म्हणतील, आगरकरांचा चांगुलपणा आला कुठून? ज्या घरात, ज्या संस्कारात ते वाढले ती नीती धर्मानंच दिलेली. झाडाचं फळ खायचं आणि मुळावर घाव घालायचा! यात थोडं तथ्य आहे. पण आगरकरांनी परंपरेतलं सगळं घेतलं नाही. काही ठेवलं, काही फेकलं. काय ठेवायचं आणि काय फेकायचं ही निवड करणारी बुद्धीच होती.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. बरोबर काय हे बुद्धी सांगेल, पण ते करायला लावेल का? सिगारेट वाईट हे कुणाला माहीत नाही? 'सुधारक' वाचणारे होते शिकलेले, बहुतेक उच्चवर्णीय लोक. फुल्यांचा सत्यशोधक विचार गावागावांत, शेतकऱ्यांपर्यंत गेला. त्यात निर्मीक होता, एकत्र येणं होतं, स्वतःचे लग्नविधी होते. माणसांना बदलायला नुसता युक्तिवाद पुरत नाही.

ही तिसरी अडचण ज्यांनी नेमकी ओळखली ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी शास्त्रार्थाच्या खेळाला पूर्णविराम दिला. शास्त्रांचा खरा अर्थ वेगळा आहे असं सांगत बसण्यात अर्थ नाही, शास्त्राचा अधिकारच नाकारला पाहिजे. इथपर्यंत ते आगरकरांच्या बरोबर आहेत. पण ते नुसत्या बुद्धीवर थांबले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथात त्यांनी मांडणी केली की इतर धर्मांत जी जागा देवाची, ती धम्मात नीतीची. आणि नीती नुसती सोयीची असून चालत नाही. ती पवित्र मानली गेली पाहिजे आणि सगळ्यांना सारखी लागू झाली पाहिजे. नाहीतर प्रत्येक टोळी आपापल्यापुरती नीती पाळेल.

देव नाही, पण पावित्र्य आहे. मला वाटतं या जुन्या वादात हे एक पाऊल पुढचं आहे.

४१ विरुद्ध ६८

आता पुन्हा शपथेकडे येऊ, कारण हे दोन पर्याय आपोआप मिळालेले नाहीत.

ब्रिटनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचे उघड नास्तिक १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून खासदार म्हणून निवडून आले. धार्मिक शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या म्हणाले. सभागृहानं बसू दिलं नाही. लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं, सभागृहानं पुन्हा पुन्हा अडवलं. १८८६ मध्ये त्यांना जागा मिळाली आणि १८८८ मध्ये कायदा होऊन देवाशिवाय प्रतिज्ञा करायचा हक्क सगळ्यांना मिळाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. म्हणजे 'सुधारक' सुरू होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं.

आणि आपल्याकडे? १७ ऑक्टोबर १९४९. संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा. एच. व्ही. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावानं' अशी व्हावी. काही सदस्यांनी विनवलं की देवाला मतदानाला टाकू नका. कामतांनी ऐकलं नाही. मतदान झालं. बाजूनं ४१, विरोधात ६८. दुरुस्ती पडली.

विरोध करणारे सगळे नास्तिक होते का? अजिबात नाही. देव मानणाऱ्या सदस्यांनीही विरोध केला, कारण श्रद्धा ही ज्याची त्याची गोष्ट आहे आणि ती सगळ्यांवर लादता येत नाही. म्हणून आपली उद्देशिका सुरू होते 'आम्ही, भारताचे लोक' इथून, आणि न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता या चार गोष्टींसाठी ती वर बोट दाखवत नाही. त्याच वेळी शपथेत मात्र दोन्ही दारं उघडी ठेवली. फुले ज्या दारानं आले असते तेही, आणि आगरकर ज्या दारानं आले असते तेही.

शेवटी माझं मत

तुम्हाला माझं उत्तर हवंच असेल तर ते असं. काय बरोबर आणि काय चूक हे ठरवायला देवाची डिपेंडन्सी लागत नाही. माणसाचं दुःख दिसायला डोळे आणि विचार करायला डोकं पुरतं. पण बरोबर कळलेलं करायला, एकट्यानं उभं राहायला, आपलीच प्रेतयात्रा बघून दुसऱ्या दिवशी पुन्हा अग्रलेख लिहायला काहीतरी लागतं. कुणाला ते निर्मीकाकडून मिळतं, कुणाला धम्मातून, कुणाला 'माझ्यामुळे कुणाचं वाईट होऊ नये' एवढ्या साध्या वाटण्यातून. ते कुठून येतं यावर भांडायची मला गरज वाटत नाही. ते येतं का, एवढं बघावं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "तू देव मानत नाहीस, मग तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा?" तर त्याला आगरकरांची गोष्ट सांगा. आणि कुणी म्हणालं, "देव मानणारे सगळे मागासलेले," तर त्याला फुल्यांची सांगा. दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या, एकाच काळातल्या आहेत.

तुमच्या घरात, ऑफिसात हा वाद कधी झाला असेल तर कोण काय म्हणालं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू र. धों. कर्वे यांना. 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक, कोर्टातले खटले आणि वकील म्हणून उभे राहिलेले आंबेडकर. तोपर्यंत काळजी घ्या, आणि जमलं तर आजीलाही हा एपिसोड ऐकवा. ती काय म्हणते ते ऐकायला मला खरंच आवडेल.